चौकोनांतून घडलेली अक्षरे

आलेखाच्या कागदावरील काही चौकोन पेन्सिलीने काळे करीत गेल्यास त्यांतून एखादे अक्षर साकार होते. उभी किंवा आडवी रेघ अशा रीतीने सहज निघते. तिरकी रेघ काढू लागताच मात्र तिला जिन्याच्या पायऱ्यांचे रूप येते आणि गोलाई साधताना तर तडजोड अटळच असते. संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांचा आरंभीचा इतिहास हा बव्हंशी या तडजोडीचाच इतिहास होय. पडद्यावरील चित्र ज्या सूक्ष्म बिंदूंचे बनलेले असते त्यांना पिक्सेल म्हणतात. आज हे बिंदू इतके बारीक झाले आहेत की ते सहसा वेगळे दिसत नाहीत. १९७० ते १९९० या काळात मात्र ते डोळ्यांना स्पष्ट दिसत, आणि अक्षराचे वळण त्यांच्या मर्यादेतच बसवावे लागे.

त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग होती. त्यामुळे व्हिडिओ खेळांच्या यंत्रांत प्रत्येक अक्षरासाठी बहुधा आठ ओळी आणि आठ स्तंभ यांची चौकट राखून ठेवीत. चौसष्ट घरांपैकी प्रत्येक घर भरलेले की रिकामे, एवढीच नोंद करावयाची असल्याने एका अक्षराला केवळ ८ बाइट पुरत. १२८ चिन्हांचा संच १,०२४ बाइटांत मावे. शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून एक ओळ व एक स्तंभ मोकळा सोडावा लागे. अक्षराच्या वाट्याला प्रत्यक्षात सात गुणिले सात एवढीच जागा उरे. की गेम्स या अमेरिकन कंपनीच्या १९७६ मधील ‘क्विझ शो’ या खेळात याच धर्तीची ठसठशीत अक्षरे होती. पुढे नामको या जपानी कंपनीच्या खेळांतून हे वळण जगभर परिचित झाले. या अक्षरांच्या उभ्या रेघा दोन बिंदू रुंद आणि आडव्या रेघा एक बिंदू जाड असत. चित्रनलिकेतील किरण डावीकडून उजवीकडे वेगाने सरकतो. एकच बिंदू उजळून तो पुढे गेला, तर तो बिंदू फिकट व अस्पष्ट दिसतो. दोन बिंदू शेजारी असले म्हणजे रेघ स्पष्ट उमटते. या अक्षरांचा ठळकपणा ही केवळ हौस नव्हती. ती यंत्राची गरज होती.

या गरजेतून सौंदर्य कसे निर्माण होऊ शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘शिकागो’ हे अक्षरवळण. ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक २४ जानेवारी १९८४ रोजी लोकांसमोर आला. त्याचा पडदा नऊ इंचांचा होता. त्यावर आडवे ५१२ आणि उभे ३४२ बिंदू होते, आणि प्रत्येक बिंदू एक तर काळा, नाही तर पांढरा. करडी छटा उपलब्धच नव्हती. या पडद्यासाठी सुझन केअर या कलावतीने शिकागोची अक्षरे रचली. रेघ आडवी, उभी किंवा नेमकी ४५ अंशांत तिरकी असावी, असे धोरण तिने ठेवले; त्यामुळे वेड्यावाकड्या पायऱ्या टळल्या. रोमन ‘आय’ला थोडी आणि ‘एम’ला अधिक जागा दिल्याने शब्दांना छापील मजकुराची घडण आली. त्या वेळी उपयोगात नसलेली आज्ञा यादीत मंद दाखवावयाची असेल, तर तिच्या अक्षरांतील एकाआड एक बिंदू गाळीत. उभ्या रेघा दोन बिंदू रुंद असल्यामुळे असे निम्मे अंग झिजूनही शब्द वाचता येत असे. १९९७ पर्यंत मॅकिंटॉशच्या पडद्यावर हेच वळण प्रमुख होते. २००१ मध्ये आयपॉड या संगीतयंत्राच्या लहानशा पडद्यावर ते पुन्हा अवतरले.

पुढे अक्षराची बाह्यरेषा गणिताने वर्णन करण्याची पद्धत रूढ झाली आणि गुळगुळीत गोलाई सर्वत्र आली. तरीही चौकोनी अक्षरे नाहीशी झाली नाहीत. पूर्वी जी सक्ती होती ती आता निवड झाली. खेळांची शीर्षके, भित्तिपत्रके आणि कपड्यांवरील मजकूर यांत ती त्या काळाची आठवण जागवितात. मात्र ती वापरताना काही पथ्ये पाळावी लागतात. आठ घरांचे अक्षर सोळा, चोवीस किंवा बत्तीस बिंदूंपर्यंत वाढविल्यास ते रेखीव राहते; वीस बिंदूंवर ताणल्यास काही चौकोन रुंद, काही अरुंद होऊन रेघा विजोड दिसतात. मोठ्या आकारातील चार-सहा शब्दांना ही अक्षरे शोभतात. पानभर मजकूर मात्र डोळ्यांना शिणवितो.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. रोमन मोठे अक्षर सात ओळींत सुखाने बसते. देवनागरीत शिरोरेघेला एक ओळ द्यावी लागते. तिच्यावर वेलांटी, मात्रा व अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षरांची दाटी. आठ ओळींची चौकट येथे अपुरी पडते. जवळजवळ दुप्पट उंची हवी. शिवाय रेघ जाड केली की ‘प’ आणि ‘ष’ यांच्यातील भेद बुजू लागतो. एक बिंदू गळाला तर ‘भांडे’चे ‘भाडे’ होते. रेल्वे स्थानकांवरील प्रकाशफलकांवर याच प्रकारे ठिपक्यांतून देवनागरी अक्षरे उमटतात. गाडी गाठण्यासाठी घाईने धावणारा प्रवासी ती दुरूनच वाचीत असतो. कोणता ठिपका उजळावा आणि कोणता विझलेला राहावा, हा निर्णय म्हणूनच यंत्रावर सोपवून चालत नाही. त्यामागे लिपी जाणणारी डोळस नजर असावी लागते.