नाल्याच्या काठावरची अक्षरं

‘येथे कचरा टाकू नये’ ही पाटी आपल्याकडे गावोगावी दिसते आणि पुष्कळदा तिच्या पायाशीच कचरा साठलेला असतो. लोकांना वाचता येत नाही म्हणून हे घडत नाही. काय करू नये एवढंच पाटी सांगते. हातातली पिशवी मग कुठे टाकायची आणि इथे टाकली तर ती पुढे कुठे जाते, याबद्दल ती गप्प असते. समुद्रातल्या प्लास्टिकविषयी जागृती करू पाहणाऱ्या अक्षर-मोहिमाही इथेच अडतात. निळ्या पार्श्वभूमीवर देखण्या वळणात ‘समुद्र वाचवा’ असं लिहिता येतं, पण समुद्र वाचवणं हे रस्त्यावरून चाललेल्या माणसाला त्या क्षणी करता येण्याजोगं काम नाही. अशा मोहिमेचा आराखडा अक्षराच्या वळणाआधी त्याच्या जागेपासून सुरू व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आणि ती जागा चौपाटीवर कमी, चौपाटीपासून दूर वाहणाऱ्या नाल्याच्या काठी अधिक आहे.

याचं कारण प्लास्टिकच्या प्रवासात आहे. जेना जॅम्बेक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या अंदाजानुसार, २०१० या एकाच वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेलं. मुंबईत हा प्रवास डोळ्यांसमोर घडतो. मिठी, ओशिवरा, पोईसर आणि दहिसर या नद्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातून निघतात आणि दाट वस्तीतून वाहत खाडीला किंवा समुद्राला मिळतात. टपरीसमोर टाकलेलं गुटख्याचं पाकीट पहिल्या मोठ्या पावसात गटारात, तिथून नाल्यात आणि पुढे दर्यात जातं. कोळ्यांचं डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीत तोंड उघडं ठेवून लावलेलं असतं. ओढ जे आणील ते त्यात शिरतं, म्हणून मासळी निवडताना पिशव्याही निवडाव्या लागतात. हा धागा जिथे सुरू होतो तिथेच अक्षरं हवीत. अमेरिकेतल्या अनेक शहरांत पावसाळी गटाराच्या तोंडाशी ‘हे पाणी समुद्राला जातं’ अशा अर्थाचे शब्द रंगवलेले असतात. हात कचरा टाकायला पुढे होतो नेमक्या त्याच ठिकाणी ते वाचले जातात. आपल्याकडेही ‘हा नाला दर्याला मिळतो’ एवढं वाक्य पुरेसं आहे, मात्र त्याच्या शेजारी कचऱ्याचा डबा आणि त्याकडे नेणारा बाण हवा.

शब्द कोणते निवडावेत, याचाही पुरावा आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचं एक राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी दोन प्रकारच्या पाट्या लावून पाहिल्या. ‘अनेकांनी इथलं लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं’ असं सांगणारी पाटी होती तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ अशी साधी विनंती होती तेव्हा हे प्रमाण २ टक्क्यांच्याही आत राहिलं. सगळेच करतात हे ऐकलं की चुकीचं काम चुकीचं वाटेनासं होतं. म्हणून ‘मुंबईकर रोज एवढा कचरा फेकतात’ अशी ठळक अक्षरं हेतू चांगला असूनही उलटू शकतात. टेक्सासमध्ये १९८० च्या दशकात रस्त्यांवरच्या कचऱ्याविरुद्ध जी मोहीम गाजली, तिची घोषणा राज्याच्या अभिमानाला आणि तिथल्या रांगड्या बोलीला धरून होती. सुरुवात मोटारींवरच्या चिकटपट्ट्यांपासून झाली, म्हणजे निव्वळ शब्दांपासून. आपल्या किनाऱ्यावर हे बळ आगरी-कोळी आणि मालवणी बोलीत आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करणाऱ्या समाजाशी त्याच्याच शब्दांत बोलावं.

यानंतर अक्षराच्या रूपाकडे वळता येतं. रोमन अक्षरं खालच्या रेषेवर उभी राहतात, तर देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लटकतात. शिरोरेषा पाण्याची पातळी मानली, तर वर तरंगतात त्या फक्त मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार, आणि अक्षराचा सगळा देह बुडालेला असतो. प्लास्टिकचंही तसंच आहे. समुद्राच्या पृष्ठभागावर तरंगणाऱ्या प्लास्टिकचा २०१४ मधला एक अंदाज सुमारे २ लाख ६९ हजार टन आहे. एका वर्षात समुद्रात शिरणाऱ्या प्लास्टिकच्या किमान आकड्याच्या तो ६ टक्केही भरत नाही. मात्र अशा कल्पनेला वाचनाची मर्यादा पाळावीच लागते. परिणामासाठी शिरोरेषा तोडली तर ‘म’चा ‘भ’ आणि ‘घ’चा ‘ध’ वाटू लागतो. रफार चुकला तर समुद्राचा ‘दर्या’ डोंगरांमधल्या ‘दऱ्या’ होतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या शीर्षकांत नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात उतरवला, तरी वाचणारा अडखळला नाही. तीच कसोटी इथे लावावी.

यावर पहिला आक्षेप असा, की जाळ्यात गुरफटलेल्या कासवाचं एक छायाचित्र शंभर शब्दांपेक्षा बलवान असतं. लक्ष वेधण्यात ते बलवान आहेच. पण पाहणाऱ्याला कळवळा आला तरी ते कासव त्याच्या गल्लीपासून फार दूर असतं, आणि त्या दोहोंमधला मार्ग शब्दच दाखवू शकतात. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा मोहिमा दोष ग्राहकाच्या माथी मारतात आणि उत्पादक सुटतात. हा संशय निराधार नाही. ‘कीप अमेरिका ब्यूटिफुल’ या १९५३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमागे पेयं आणि वेष्टनं बनवणाऱ्या कंपन्या होत्या, आणि तिच्या गाजलेल्या जाहिरातींत सारा भार सामान्य माणसावर होता. महाराष्ट्रात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून अनेक एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, तरी बहुपदरी प्लास्टिकच्या लहान पुड्या दुकानादुकानात लटकतात. म्हणून मोहिमेचा दुसरा फलक उत्पादकासाठी असावा. वेष्टन परत कोण घेणार, हे त्या वेष्टनावरच किमतीइतक्या मोठ्या अक्षरांत छापलं जावं, अशी मागणी त्यावर असावी. नागरिकाला जबाबदारी सांगणारी मोहीम याबाबत गप्प राहिली, तर ती अर्धंच सत्य सांगते.

अशा मोहिमेचं यश पारितोषिकांनी किंवा पोस्टरच्या कौतुकाने मोजू नये. अक्षरं रंगवण्याआधी नाल्याच्या तोंडाशी जाळी लावून आठवडाभराच्या कचऱ्याचं वजन करावं, आणि रंगवल्यावर पुन्हा करावं. वजन घटलं नाही, तर शब्द बदलावेत, जागा बदलावी, डबा आहे का ते पाहावं. एरवी अक्षरकार आपलं काम कागदावर तपासतो. इथे मात्र त्याने ते नाल्याच्या जाळीत तपासायला हवं, कारण जे त्या जाळीत अडकलं नाही ते पुढे डोल जाळ्यात मासळीबरोबर येणार आहे.