काळीवर घर

घराला तडा गेला की पहिला आरोप सिमेंटवर होतो, दुसरा मिस्त्रीवर, आणि ते दोघे निर्दोष सुटले तर वास्तुशास्त्रावर. मातीचे नाव शेवटी निघते. खरे तर भुसावळहून वरणगावकडे जाताना दीपनगर-फेकरीच्या पट्ट्यात मे महिन्यात एखाद्या मोकळ्या शेतात नुसते उभे राहिले, तरी ते नाव आधी घ्यायला हवे होते हे कळते. भेगा अशा की हाताचा पंजा सहज आत जावा. जून-जुलैत तीच जमीन पाणी पिऊन भेगा बुजवते आणि बुजवताना फुगून वर येते. तिच्यावर कंपाऊंडची भिंत असेल तर भिंतही वर येते, पण सगळीकडे सारखी नाही. जिथे फरक पडतो तिथे ती तडकते.

जुन्या वस्तीची रीत साधी होती: गाव पांढरीवर, शेत काळीत. तापी-पूर्णेच्या काठची कितीतरी गावे उंचवट्यावर, गढीच्या आधाराने वसलेली दिसतात. धाब्याच्या घराच्या छतावरही पांढरी मातीच पसरत, कारण ती पाणी खाऊन फुगत नाही. काळीत फक्त पीक. आता शहराजवळच्या कापसाच्या आणि केळीच्या शेतांचे एनए होऊन प्लॉट पडतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीवर कुणी चूल मांडली नाही, तिच्यावर स्लॅबचे घर उभे राहते. त्याला हरकत नाही. काळीवरही घर टिकते, फक्त ती काळी आहे हे आराखडा काढण्याआधी मान्य करावे लागते.

काळ्या मातीतला खोडकर घटक म्हणजे मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज. त्याचे कण पत्र्यासारखे पातळ थरांचे असतात, पाणी त्या थरांमध्ये शिरते आणि त्यांना दूर सारते. उन्हाळ्यात पाणी गेले की थर पुन्हा जवळ येतात. पारा ४५ अंशांच्या पुढे नेणारा भुसावळचा उन्हाळा आणि लगेच त्यामागून पाऊस, म्हणजे या खेळाला हवे तेवढे मैदान. यातली एक गोष्ट मात्र लोकांना उलटी वाटते. घर हलके असले की जमिनीला त्रास कमी, असा समज आहे. प्रत्यक्षात काळीवर एकमजली घर आणि कुंपणाची भिंत यांनाच जास्त तडे जातात, कारण फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवण्याइतके वजन त्यांच्यात नसते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी पायथ्याशी फुगीर बुंधा असलेले पाइल रूढ केले. खोल काळीत त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर ठेवतात. तिथवर गेले की उन्हा-पावसाचा हा खेळ जवळजवळ थांबलेला असतो.

पण सपाटीकरणाचा प्रश्न पायाच्याही आधी येतो. प्लॉट रस्त्यापेक्षा खाली, भराव टाकायचा, तर कोणती माती टाकायची? इथे एक चाचणी आहे, इतकी साधी की प्रत्येक प्लॉटधारकाने एकदा डोळ्यांनी पाहावी. माती वाळवून बारीक चाळणीतून काढायची. तिचे दहा-दहा ग्रॅमचे दोन वाटे खुणा केलेल्या दोन काचेच्या नळ्यांत घालायचे. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि २४ तास ठेवायचे. रॉकेलमधली माती जशीच्या तशी बसते, पाण्यातली फुगते. समजा रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरच्या खुणेवर बसली आणि पाण्यात १८ वर, तर फुगवटा ८० टक्के. रस्त्यांच्या केंद्रीय मानकानुसार ५० टक्क्यांवर फुगवटा असलेली माती भरावाला चालत नाही. घराला वेगळा न्याय कशाला? डंपर रिकामा होण्याआधी ही नळी बघावी. नंतर बघून उपयोग नाही.

मग काळीवर काय पसरायचे? पटकन सुचते ती वाळू, आणि तिथेच फसगत आहे. वाळूची गादी पाणी साठवून ठेवते आणि खालच्या काळीला निवांत पाजत राहते. मुंबई आयआयटीतले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर वर्षानुवर्षे काम करून दाखवून दिले की फुगणाऱ्या जमिनीवर घट्ट धरून राहणारी, पण स्वतः न फुगणारी माती सुमारे मीटरभर जाड दाबून बसवली, तर खालची माती उठायला धजत नाही. हा उपाय कालव्यांच्या अस्तरासाठी राष्ट्रीय मानकात, आयएस ९४५१ मध्येही आला. आपल्याकडे त्या वर्णनात बसणारा माल म्हणजे थोडी चिकण असलेला चांगला मुरूम. तापीच्या दक्षिणेला, सातमाळा-अजिंठ्याच्या बाजूला खडक वर आलेला आहे, त्यामुळे मुरमाची टंचाई नाही. मात्र मुरूम म्हणून येणारा प्रत्येक डंपर मुरूम नसतो. ढेकूळ हातात घेऊन पाण्यात टाकावे. तासाभरात लोण्यासारखे विरघळले आणि बोटाला साबणासारखे लागले, तर रंग तांबूस असला तरी तो माल परत पाठवावा.

हिशेबाचे सांगतो. ४० बाय ५०चा प्लॉट दोन फूट उचलायचा म्हणजे ४,००० घनफूट, ४० ब्रास. पण गाडीतला मुरूम सुटा असतो, रोलरखाली साधारण पाचवा हिस्सा दबतो. म्हणजे मागवायचे ५० ब्रास, दोन ब्रासच्या गाडीने २५ फेऱ्या. ज्याने ४० ब्रासमध्ये तीच उंची भरून दिली, त्याने तो दाबलेलाच नाही. आणि दाबायचा तो आठ-नऊ इंचांच्या थरांनी. प्रत्येक थरावर पाणी मारून मग रोलर, कोपऱ्यांत धुम्मस. पाणी किती, हा शास्त्राचा प्रश्न आहे. १९३३ मध्ये लॉस एंजेलिसचे अभियंते आर. आर. प्रॉक्टर यांनी दाखवले की प्रत्येक मातीला एक ठरावीक ओलावा असतो. त्याहून कमी किंवा जास्त पाण्यात ती तेवढी घट्ट बसत नाही. मुठीत दाबली की गोळा व्हावा आणि कमरेवरून टाकला की दोन-चार तुकडे व्हावेत, हा मिस्त्रीचा अंदाज त्याच्या जवळपास जातो.

‘एक पावसाळा जाऊ द्या, आपोआप बसेल’ हे आपल्याकडचे लाडके वाक्य. अर्धेच खरे. पावसाने वरचा हातभर थर बसतो. खालचा पोकळच राहतो, आणि घराचे वजन पडल्यावर सवडीने बसू लागतो. माळीणचे उदाहरण आहे. ३० जुलै २०१४च्या दरडीत आंबेगाव तालुक्यातले हे गाव गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे गेली. नवे गाव जवळच आमडे येथे डोंगरउतार कापून, भराव घालून वसवले. एप्रिल २०१७ मध्ये लोक राहायला आले आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात भराव खचून रस्त्यांना आणि गटारांना तडे गेले. तिथला पाऊस आणि उतार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, हे कबूल. पण घाईत टाकलेल्या भरावाचा स्वभाव जळगाव जिल्ह्यातही बदलत नाही.

आपल्याकडे डोंगर नाही, म्हणून उताराचा विषयच नाही, असे समजणाऱ्याने तापीकाठची घळ पाहावी. नदीच्या पिवळ्या गाळाचे कडे उन्हाळ्यात भिंतीसारखे सरळ उभे असतात, दोन-दोन पुरुष उंच. त्यांना उभे ठेवतो तो कणांमधला किंचित ओलावा, जो त्यांना चिकटवून ठेवतो. पाऊस मुरला की ती चिकटण संपते आणि कड्याचा पापुद्रा धपकन खाली येतो. प्लॉटच्या कडेला जेसीबीने मे महिन्यात सरळ खणलेली बाजू याच भरवशावर उभी असते. मुरमाच्या दाबलेल्या भरावाला एकास दोन, म्हणजे एक फूट उंचीला दोन फूट पसारा द्यावा. काळीला एकास तीनही कमीच वाटावा, कारण तिच्या भेगांत पाणी भरले की बाजू आतून ढकलली जाते. जागा नसेल तर भिंत. पण भिंतीमागे पाणी अडले तर तिच्यावरचा दाब दुपटीहूनही वाढतो, म्हणून मागे दगडचुऱ्याचा उभा थर आणि भिंतीत पाणी निघायला नळ्या हव्यातच. आणि कृपा करून पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा उताराच्या माथ्यावर घेऊ नका.

दीपनगरकरांपाशी आणखी एक माल आहे, राख. इथल्या औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९६८ मध्ये सुरू झाला, ५०० मेगावॉटचे दोन संच पुढे आले, आणि वेल्हाळ्याच्या बंधाऱ्यात राख साचत गेली. केंद्र सरकारने १९९९ मध्ये आणि पुन्हा ३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेने ती वापरात आणण्याचे बंधन वीज केंद्रांवर घातले. राखेची बाजू चांगली आहे: मातीहून हलकी, न फुगणारी, काळीत योग्य प्रमाणात मिसळली तर तिचाही फुगवटा उतरवणारी. चुना याहून प्रभावी, पण महाग. राखेचा दोष एकच आणि मोठा आहे, तिला चिकटपणा नाही. उघडा उतार वाऱ्याने उडतो आणि एका सरीत घळ्या पडतात. म्हणून रस्त्याच्या भरावातही राखेच्या दोन्ही बाजूंना एक ते तीन मीटर मातीचे कवच घालतात. घराच्या प्लॉटवर फुकटची राख टाकून बाजू उघड्या ठेवणाऱ्याने शेजाऱ्याशी भांडणाचीही तयारी ठेवावी. पिण्याच्या विहिरीजवळ तर ती नकोच.

एवढे सगळे करूनही पाणी घराकडे वळले, तर काळी आपले काम करतेच. जोत्याभोवती मीटरभर रुंद पक्का पट्टा, आणि त्यापुढे दहा फुटांत सहा इंचांचा उतार घराच्या उलट दिशेने. पन्हाळीचे पाणी थेट गटारात. बागेतला नळ आणि सेप्टिक टँक जोत्यापासून लांब. कडुनिंब हवाच असेल तर तो जेवढा उंच होईल तेवढ्या अंतरावर, कारण उन्हाळ्यात तो जोत्याखालचे पाणी ओढतो आणि एकाच कोपऱ्याची जमीन आकसते. तडा त्या कोपऱ्याकडे, खिडकीच्या टोकापासून तिरपा जातो.