कर्ज आपलं नाही, मग भीती कसली?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी ओटा पुसत होते, तोच आमच्या बचत गटातली एक ताई दारात येऊन उभी राहिली. चेहरा पार उतरलेला. 'वहिनी, मी कर्ज बुडवलंय म्हणतात हो!' एवढं बोलली आणि रडायलाच लागली.

शेवयांच्या मशीनसाठी तिनं बँकेत अर्ज केला होता. साहेब म्हणाले, 'तुमच्या नावावर आधीचंच कर्ज थकलंय.' हिनं तर जन्मात कर्ज काढलं नव्हतं! घरी सांगितलं, तर नवरा म्हणाला, 'कुठंतरी सही करून बसली असशील.' त्या धसक्यानं बिचारी पंधरा दिवस गप्प राहिली.

मैत्रिणींनो, आधार, पॅन, फोटो यांच्या झेरॉक्स आपण कुठं कुठं देतो, आठवा बरं! एखादी भलत्याच्या हाती लागली की आपल्या नावावर सिम निघतं, कर्ज निघतं. चोरी आपल्या नावाची झाली, मग मान खाली आपण का घालायची?

आम्ही दोघींनी काय केलं, ते सांगते. आधी तिचा सिबिलचा अहवाल काढला. सिबिलसारख्या चार कंपन्या आपल्या कर्जांची नोंद ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षाला एक अहवाल फुकट मिळतो. कर्ज कुणी दिलं, कधी दिलं, सगळं त्यात कळलं. मग त्या कंपनीला लेखी विचारलं, 'अर्ज दाखवा, सही दाखवा, पैसे कोणत्या खात्यात गेले ते सांगा.' सिबिलकडेही नोंदीबद्दल तक्रार केली. तिचा निकाल ३० दिवसांत लावायचा असतो, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

पोलिसांकडे जाताना तिचे पाय लटपटत होते. पण दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'आमची हद्द नाही' म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. प्रत्येक कागदाची पोच घ्या. आम्ही सगळ्या पोचपावत्या एका पिशवीत ठेवल्या, तीच पुढं कामाला आली.

खात्यातून पैसेच गेले असतील, तर मात्र एक मिनिटही घालवू नका. लगेच १९३० ला फोन करा, बँकेलाही कळवा. 'संचार साथी'वर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा, नको ते तिथंच कळवा. अंगठ्याचा गैरवापर होऊ नये म्हणून आधारचे बायोमेट्रिक लॉक करा. मुलांना मोबाईलवर करून द्यायला सांगा, त्यात कसली लाज?

तिच्या नावावरची नोंद पुसायला अडीच महिने गेले, हेलपाटेही झाले. पण पुसली! दिवाळीनंतर मशीन आलं. पहिल्या शेवया घेऊन नवराच आमच्याकडे आला. म्हणाला, 'वहिनी, मी उगाच बोललो तिला.'

आता गटात कुणी झेरॉक्स पुढं केली की ताई आधी पेन काढते. त्यावर आडवं लिहायला लावते, 'फक्त अमुक कामासाठी', खाली तारीख आणि सही. तुम्हीही आजपासून लिहाल ना?