जव्हारचे यशवंतराव मुकणे : जमीन, सत्ता आणि मतपेटी

अठराव्या शतकातील ब्रिटिश संसद ही मुख्यतः जमीनदारांची संसद होती. १७१० च्या कायद्यानुसार परगण्याच्या प्रतिनिधीस वार्षिक ६०० पौंड उत्पन्नाची जमीन असणे आवश्यक होते. मतदान उघडपणे होत असल्याने कुळाने कोणास मत दिले हे मालकास सहज कळे. गुप्त मतदानाची तरतूद १८७२ मध्येच झाली. या पार्श्वभूमीवर डहाणू-तलासरी परिसरातील एका भूस्वामी राजकारण्याचे जीवन अभ्यासणे उद्बोधक ठरते.

यशवंतराव मार्तंडराव मुकणे यांचा जन्म १९१७ चा. जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे सुमारे ३१० चौरस मैलांचे संस्थान होते. १९२७ मध्ये अल्पवयातच गादी त्यांच्याकडे आली व १९३८ मध्ये त्यांना संपूर्ण अधिकार प्राप्त झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी हवाई दलात सेवा केली. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

याच काळात शेजारच्या उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वेगळाच इतिहास घडत होता. वारली शेतमजूर सावकार-जमीनदारांच्या शेतावर वेठ करीत. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी 'लग्नगडी' होऊन पती-पत्नी दोघेही वर्षानुवर्षे राबत. २३ मे १९४५ रोजी झरी येथील सभेत वेठ नाकारण्याचा निर्धार झाला. श्यामराव व गोदावरी परुळेकर यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथील गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्युमुखी पडले. १९५७ मध्ये श्यामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले, ही या जागृतीचीच फलश्रुती होय.

असे असता त्याच टापूने पुढे एका माजी राजास निवडून द्यावे, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. मुकणे काँग्रेसतर्फे १९६२ मध्ये भिवंडीतून व १९६७ मध्ये डहाणूतून लोकसभेवर गेले. मात्र येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. वारल्यांचा रोष ज्या जमीनदारांवर होता ते बहुतांशी आदिवासींबाहेरील होते. मुकणे हे मात्र अनुसूचित जमातीतील, आणि डहाणू हा राखीव मतदारसंघ होता. घराण्याची प्रतिष्ठा व आरक्षणाची तरतूद या दोन भिन्न युगांतील गोष्टी त्यांच्या ठायी एकत्र आल्या. केवळ सरंजामी निष्ठेने हा विजय स्पष्ट करणे घाईचे ठरेल, कारण ब्रिटिश जमीनदारास उपलब्ध असलेले साधन, म्हणजे उघडे मतदान, येथे नव्हतेच.

१९७१ मध्ये डहाणूची जागा काँग्रेसच्याच लक्ष्मण काकड्या दुमाडा यांच्याकडे गेली. त्याच वर्षी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे संपुष्टात आले. १९७७ मध्ये लहानू शिडवा कोम हे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातर्फे डहाणूतून निवडून आले. यशवंतरावांचे निधन पुढील वर्षी, १९७८ मध्ये झाले.