सरावाची दुसरी शाळा

लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची शहरं. चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो असलेले फलक, गल्लोगल्ली मुलांच्या खोल्या आणि मेस. ‘लातूर पॅटर्न’चं गमक विचारलं, तर कुणीही एकच शब्द सांगेल : सराव. लातूरला लागूनच हरंगुळ बुद्रुक आहे. रेल्वे डब्यांच्या कारखान्यामुळे हे नाव आता सर्वदूर पोचलंय. याच गावात सरावावरच चालणारी आणखी एक शाळा आहे, ‘संवेदना सेरेब्रल पाल्सी विकसन केंद्र’. तिचा निकाल मात्र कुठल्या फलकावर लागत नाही.

केंद्र रा. स्व. संघ जनकल्याण समितीचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी हादरली, त्यानंतर समितीने भूकंपग्रस्त मुलांसाठी हरंगुळला निवासी विद्यालय उभं केलं. ‘संवेदना’ त्याच गावात पुढे सुरू झालेलं काम.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला झालेली इजा. कुणी दिवस भरण्याआधीच जन्मलेलं असतं, कुणाला जन्मताना प्राणवायू कमी पडलेला असतो, कुणाची कावीळ मेंदूपर्यंत गेलेली असते. इजा वाढत नाही, पण स्नायूंवरचा ताबा जातो. हात ताठर राहतो, मान सावरत नाही, जीभ वळत नाही. काही मुलांना बौद्धिक अक्षमताही असते. काहींना सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. म्हणून इथे शिकवण्याची सुरुवात पाटीपुस्तकाने होत नाही. आधी नीट बसवायचं, कारण पाठ आणि मान सावरली की मगच नजर स्थिरावते आणि हात मोकळे होतात.

अशा शाळांमधली खरी कारागिरी शर्टाच्या एका बटणात दिसते. बटण लावण्याचे बारीक टप्पे पाडतात आणि शिकवायला सुरुवात शेवटच्या टप्प्यापासून करतात. शिक्षिका बटण काजातून अर्धं सरकवून देते, मूल ते ओढून घेतं. काम पुरं झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. मग एकेक टप्पा मागे जायचं. मदतही तशीच पायरीपायरीने काढून घ्यायची : आधी हातावर हात, मग नुसता कोपराला आधार, मग बोटाने दाखवणं, मग एक शब्द. एका बटणाला कित्येक महिने लागतात.

स्वयंसेवकाची गरज नेमकी इथे लागते, आणि त्याची परीक्षाही इथेच होते. आपल्याकडे अशा शाळेत माणसं जातात ती वाढदिवसाला, पुण्यतिथीला, पुढाऱ्याच्या फळवाटपाला. केळी वाटली, फोटो काढले, निघाले. गिळायला त्रास असलेल्या मुलाच्या हातात फळाची फोड देणं धोक्याचं ठरू शकतं, हे त्या गर्दीत कुणी विचारत नाही. भरवायचं तर मुलाला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, छोट्या चमच्याने. एक घास गिळल्यावरच दुसरा. मान मागे टाकून तोंडात ओतलेलं पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. हे शिक्षिकेकडून शिकल्याशिवाय चमच्याला हात लावू नये.

प्रेमाने येणाऱ्याची खोड वेगळी. मूल चाचपडताना त्याला बघवत नाही. तो पटकन बटण लावून मोकळा होतो. महिनाभराचा सराव त्या क्षणी मागे पडतो. प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट बघणंही असंच जड जातं. चित्रांच्या तक्त्यावरून नजरेने उत्तर देणाऱ्या मुलाला वेळ लागतो. आपण मध्येच बोललो की त्याची पाळी गेली.

उपचार हे स्वयंसेवकाचं काम नाही. १९९२च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याने विशेष शिक्षकांना प्रशिक्षण आणि नोंदणी बंधनकारक केली. पुढे २०१६च्या कायद्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले, २०२२मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आला. कायद्याने हक्क मिळाला. पण एका बाईंसमोर एकाच वेळी चार मुलांची बटणं असतात, आणि तो प्रश्न आणखी दोन हात आल्याशिवाय सुटत नाही.

ते हात आपल्याकडेच आहेत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाखाली नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीची महाविद्यालयं येतात, आणि त्यांतली बरीच राष्ट्रीय सेवा योजना चालवतात. योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास काम करायचं असतं. हे तास बहुधा सफाईत, वृक्षारोपणात आणि फेऱ्यांमध्ये विखुरतात. आठवड्याला तीन तास धरले तर १२० तासांचे ४० आठवडे होतात, म्हणजे जवळपास अख्खं शालेय वर्ष. ठरावीक वारी, ठरावीक वेळेला, त्याच मुलापाशी येणारा विद्यार्थी पन्नास जणांच्या फळवाटपापेक्षा शाळेच्या जास्त उपयोगी पडेल. काही मुलांना अनोळखी माणूस सहन व्हायलाच आठवडे लागतात. तो मध्येच यायचा थांबला, तर पुढच्या माणसाला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते.

महाविद्यालयांनी एवढंच करावं : जूनमध्ये जवळच्या विशेष शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारावं, कोणत्या वारी किती हात कमी पडतात. आणि येणाऱ्या मुलामुलींकडून वर्ष पुरं करण्याचा शब्द आधी घ्यावा. बारावीच्या निकालासाठी दोन वर्षं नेमाने सराव केलेली ही पोरं आहेत. नेम म्हणजे काय, हे त्यांना नव्याने शिकवावं लागणार नाही.