हवेचा आकडा नेमका काय सांगतो?

शहरातल्या फलकावर ‘हवा गुणवत्ता निर्देशांक ३००’ झळकला, की अनेकांना वाटते, हवा १०० असतानापेक्षा तिप्पट घाणेरडी झाली. तसे नसते.

मापनकेंद्रातले यंत्र हवा ओढून गाळणफितीवर धूळ जमवते आणि मोजते. वायूंसाठी वेगळे संवेदक (सेन्सर) असतात. भारतात २०१५ पासून लागू झालेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषकांचा विचार होतो. प्रत्येकाला ० ते ५०० या पट्टीवर गुण मिळतात, पण त्यांची सरासरी काढत नाहीत. एका विषयात नापास झालेल्या मुलाचा निकाल तोच विषय ठरवतो, तसे सर्वांत वाईट प्रदूषकाचे गुण हाच त्या केंद्राचा निर्देशांक.

शिवाय पट्टी सरळ चढत नाही. पीएम २.५ (अतिसूक्ष्म धूलिकण) घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक १००. १२० झाले की ३००. धूळ दुप्पटच, पण श्वसनाचा त्रास होण्याचा धोका बराच वाढलेला, आणि पट्टी तोच दाखवते.

या आकड्यावर कारभारही चालतो. दिल्लीत तो ४०० च्या वर गेला की अनावश्यक बांधकामे थांबवली जातात.

म्हणून आकड्याशेजारचे ‘प्रमुख प्रदूषक’ जरूर वाचावे. तिथे पीएम १० (थोडे मोठे धूलिकण) असेल, तर रस्त्यावरची आणि बांधकामांची धूळ आधी तपासायला हवी.