हाताची गोफण

ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभा राहून पाखरे हाकणारा राखणदार ज्यांनी पाहिला असेल, त्यांना गोफणीचे मर्म वेगळे सांगायला नको. दगड लांब जातो तो राखणदाराच्या दंडातल्या बळामुळे नव्हे. गोफणीचे एक टोक तो नेमक्या क्षणी सोडतो, म्हणून. क्षण चुकला की तोच दगड शेजाऱ्याच्या कौलांवर! अमेरिकेत जन्मलेल्या सॉफ्टबॉलमधली वेगवान चेंडूफेक ही या गोफणीचीच बहीण म्हणायची. फरक इतकाच, की तिथे दोरी नसते. खेळाडूचा हातच दोरी होतो.

सॉफ्टबॉल जन्मला १८८७ साली शिकागोत, आणि तोही मैदानावर नव्हे, एका बोट क्लबाच्या छपराखाली. बेसबॉलची ही धाकटी, घरगुती आवृत्ती. पण नावावर जाऊ नका. बारा इंच घेराचा तो चेंडू आता मुळीच मऊ नसतो. एक नियम मात्र कायम आहे : चेंडू खालून, 'अंडरआर्म'च टाकायचा.

'अंडरआर्म' म्हटले की आपल्याला गल्लीतल्या क्रिकेटमध्ये धाकट्या भावंडाला प्रेमाने टाकलेला चेंडू आठवतो. हा गैरसमज भल्याभल्यांचा उतरला आहे. फेब्रुवारी १९६७ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर एडी फेग्नर या सॉफ्टबॉल-पिचरने विली मेज, रॉबर्टो क्लेमेंटे यांच्यासारख्या बेसबॉलच्या सहा दिग्गज फलंदाजांना ओळीने 'स्ट्राइक आउट' करून माघारी धाडले. त्याच दशकात जोन जॉइस या तरुणीच्या चेंडूंपुढे टेड विल्यम्ससारख्या फलंदाजाची बॅट हवाच कापत राहिली.

याचे कारण साध्या हिशेबात आहे. वरच्या दर्जाच्या महिला सामन्यांत पिचर आणि फलंदाज यांच्यात अंतर असते अवघे ४३ फूट. त्यातले पाच-सहा फूट पिचर आपल्या पावलानेच खाते. चेंडू ताशी १०५ किलोमीटर वेगाने सुटला, तर फलंदाजाला मिळतात सेकंदाचे जेमतेम चार दशांश. तेवढ्यात बघायचे, ठरवायचे आणि मारायचे!

जोर येतो कुठून?

उजव्या हाताची पिचर डावे पाऊल पुढे झोकते आणि अंग आडवे करते. तिचा हात पुढून वर, डोक्यावरून मागे आणि पुन्हा खाली असा रहाटासारखा पूर्ण फिरतो. बघणाऱ्याला वाटते, सारा वेग या गरगर फिरण्यात आहे. खरी गंमत शेवटच्या पाव चक्रात आहे. पुढचे पाऊल जमिनीवर घट्ट रोवले जाते आणि पायांचा जोर कमरेत चढतो. कमरेचा खांद्यात येतो. मग खाली येणारा दंड बरगडीला घासून थबकतो, आणि तो थबकला म्हणूनच कोपराखालचा हात पुढे उसळतो. आसुडाची मूठ थांबली की टोक कडाडते, त्यातलाच हा प्रकार. पंजाची पाळी सर्वांत शेवटी, आणि वेगही त्याचाच सर्वांत जास्त.

अमेरिकेत कित्येक वर्षे मुलींना शिकवीत, की मनगट जोराने मोडा आणि हात खांद्यापर्यंत वर ओढा. परंतु हात वर जाईपर्यंत चेंडू केव्हाच बोटांतून निसटलेला असतो. गेल्या गाडीला हात दाखवण्यातलाच तो प्रकार! नामांकित पिचरांच्या फेकीचे चित्रण सावकाश फिरवून पाहिले की वेगळेच दिसते. चेंडू सुटताना मनगट नुसते पुढे मोडत नाही. कोपरापासूनचा हात, कुलपात किल्ली फिरवावी तसा, आतल्या बाजूला वळतो. त्यासाठी कोपर किंचित वाकलेले आणि हात सैल हवा. ताठ काठीचा आसूड होत नाही.

घरच्या घरी सराव

जुन्या मोज्यांचा घट्ट चेंडू करा. भिंतीपासून आठ-दहा फुटांवर भिंतीकडे खांदा करून उभे राहा. चक्र फिरवू नका. चेंडूचा हात मागे खांद्याच्या उंचीवर धरा, तळवा आभाळाकडे. तो सैलपणे खाली येऊ द्या, दंड बरगडीला घासू द्या, आणि मांडीजवळ पंजा वळून चेंडू आपोआप सुटू द्या. शेवटी कोपर भिंतीकडे रोखलेले राहिले, तर फेक साधली. हे अंगवळणी पडल्यावरच पूर्ण चक्र आणि खरा चेंडू. वेगाची घाई नको. आधी क्रम, मग जोर.

खांद्याची किंमत

हे सारे केवळ सामने जिंकण्यासाठी सांगितलेले नाही. अंडरआर्म फेक निसर्गाला धरून आहे, तिने खांदा कधी दुखत नाही, असा एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. त्यामुळे एकाच मुलीकडून दिवसात दोन-दोन, तीन-तीन सामन्यांत फेक करून घेतली जाई. पण १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरांची पाहणी झाली, तेव्हा खांद्याला सांध्यातून बाहेर ओढणारा जोर त्यांच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के भरला. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या मुलीच्या खांद्याला, दर फेकीला, चाळीस किलोंचा हिसका!

२००८ साली बीजिंगमध्ये जपानच्या युकिको उएनोने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकून देशाला सुवर्णपदक मिळवून दिले. तो पराक्रम थोरच. पण शाळकरी मुलीसाठी तो कित्ता नव्हे.

आपल्याकडेही शाळाशाळांतून मुली सॉफ्टबॉल खेळतात. तुमची लेक पिचर असेल, तर किती बळी घेतलेस हे विचारण्याआधी, खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते का, हे विचारा. दुखत असेल तर हात वर करायला सांगून तपासत बसू नका. दोन दिवस चेंडू कपाटात ठेवा, आणि तरी न थांबल्यास डॉक्टर गाठा. गोफणीची दोरी तुटली तर नवी वळता येते. ही गोफण मात्र जन्माला एकच मिळते.